साडेतीन होल आणि एक बांध

सपाट जागेवरून चेंडू कुणीही मारील, खरा खेळाडू कळतो तो अवघड जागेवर, असं आमचे हे म्हणतात. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की म्हणतात. मी रोज मनात म्हणते, मग सपाटीवरून एकदा मारून दाखवा की. पण तोंडावर म्हणत नाही, कारण सपाट जागा आमच्याकडे नाहीच. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची भाताची खाचरं, एकाखाली एक उतरत गेलेली. 'नाचता येईना अंगण वाकडं' हा बाकी सगळीकडे टोमणा असेल. आमचं अंगण खरंच वाकडं आहे, त्यामुळे नवऱ्याला मारायचा एक चांगला टोमणा माझ्या हातून कायमचा गेला.

हे कल्याणकडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथले मोठे साहेब गोल्फ खेळायचे. साहेबांच्या पाहुण्यांच्या गाड्या, जेवणं, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या ही सगळी व्यवस्था बघायला ह्यांना बरोबर जावं लागायचं. नोकरीची निम्मी वर्षं ह्यांनी दुसऱ्यांचे चेंडू कुठे पडतात ते पाहण्यात काढली. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ह्यांना साहेबांनी आपली जुनी गोल्फची पिशवी दिली, आत काठ्यांसकट. साहेबांच्या बायकोला घरातली अडगळ कमी करायची असणार, असं माझं प्रामाणिक मत आहे. ह्यांच्या मते साहेबांनी वारस नेमला.

आम्ही गावी राहायला आलो ते ही पिशवी घेऊन. पहिल्या वर्षी भात कापून झालं, झोडणी झाली, पेंढा रचून झाला, आणि एका सकाळी हे खाचरात उभे राहून हात डोळ्यांवर धरून लांबवर बघायला लागले. मला वाटलं, ह्यांना शेती करायची आहे. त्यांनी किन्हवलीच्या दुकानातून पाइपाचे तुकडे कापून आणले आणि जमिनीत गाडले. हे होल. माझा जुना लाल परकर फाडून काठ्यांना बांधला. ही निशाणं. निशाण लागल्यावर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या होलाजवळ कुणीतरी नारळ फोडून, हळदकुंकू वाहून गेलं. हे चिडले. मी म्हटलं, चिडता कशाला, तुमच्या खेळाला गावात लागलेला हा पहिला भक्त आहे.

होलाच्या भोवती मऊ, एकसारखी जमीन लागते, तिला ग्रीन म्हणतात. पौषात आमच्याकडे हिरवं काय असणार! तेव्हा ह्यांनी डोकं लढवलं की जमीन चोपून, शेणाने सारवून घ्यायची, खळ्यासारखी. डोकं ह्यांनी लढवलं आणि सारवलं मी. आमच्या वाट्याच्या जमिनीत असे तीन होल झाले, आणि चौथा करायला गेलो तर मध्येच जमीन संपली. ग्रीनचं अर्धं वर्तुळ झालं आणि बांध आला. ह्यांनी अर्ध्यावरच पाइप गाडला आणि जाहीर केलं की आपले साडेतीन होल. देवीची पीठं साडेतीन, वर्षाचे मुहूर्त साडेतीन, त्यात आता ह्यांची भर.

त्या बांधाच्या पलीकडे माझ्या धाकट्या दिरांची जमीन.

आम्ही कल्याणला होतो तोवर दोन्ही वाटे दीरच कसत होते. आम्ही परत आलो, ह्यांनी आपला वाटा पावलांनी मोजला, आणि ह्यांच्या मते बांध हातभर आमच्याकडे सरकला होता. दरवर्षी लावणीआधी बांध धरताना फावड्याने आपल्या बाजूने जरा जास्त छाटायचं, म्हणजे बांध कोरायचा, ही आमच्याकडची फार जुनी कला आहे. ती सगळ्यांना येते आणि कुणीच केलेली नसते. दीर म्हणाले, पावसाने बांध आपला आपण सरकला. हे म्हणाले, पावसाला माझीच बाजू बरी दिसली. मग सरकारी मोजणी आणली. तिने एक उत्तर दिलं. दिरांनी पुन्हा मोजणी आणली, तिने दुसरं उत्तर दिलं. पुढच्या पावसात हद्दीचा दगड कुणीतरी हलवला, आणि दोघा भावांचा अबोला सुरू झाला.

भांडण दोघांचं, पण अबोला चौघांना पाळावा लागतो. बायकांना विचारायची पद्धत नाही. अबोला घराण्याचा असतो, तो नवऱ्याच्या आडनावाबरोबर आपल्याकडे येतो. माझी जाऊ माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला चुलीजवळ बसवून भाकरी थापायला शिकवली ती मी. तिची एकुलती मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे कल्याणला राहिली. मला एक मुलगा, तो लांब परदेशी. मुलगी म्हणून जी काही माया माझ्याकडे होती ती सगळी त्या पोरीने खाऊन संपवली. आणि आता तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, पण घराला घर लागून असलेल्या आमच्या अंगणापर्यंत त्याची बातमी रीतसर यायची नव्हती.

आमच्याकडे आवतण आल्याशिवाय कुणी लग्नाला जात नाही. शेजारी असो, सख्खा चुलता असो, घरच्या माणसाने दारात येऊन अक्षत द्यावी लागते, आणि भाऊबंदांना तर चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. ते आलं नाही तर हळदीला जात्यावर पहिली मूठ टाकायचा माझा, थोरल्या काकूचा मान गेला. मानाचं मला एवढं काही नव्हतं. मला त्या पोरीच्या गालाला हळद लावायची होती. भिंतीपलीकडे वाजंत्री वाजतायत आणि मी इकडे ह्यांच्यासाठी पिठलं हाटतेय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या हातातली वस्तू आपटली जायची. त्या दिवसांत आमच्याकडच्या दोन बशा फुटल्या.

आता कुणी म्हणेल, बोलत नव्हता तर मग लग्न ठरलं हे कळलं कसं? त्याला गावात वाट असते. अबोला माणसांशी असतो, गुरांशी नसतो. माझी जाऊ आपली म्हैस दुपारची बांधाजवळच्या मोहाच्या झाडाखाली बांधायची. मी माझ्या बाजूने बांधाशी जाऊन उभी राहायची.

"खा गो बाय, खा," ती म्हशीला म्हणायची. "पोरीला बघायला आलते. पसंत पडली त्यांना. तुला सांगून ठेवते."

"मुलगा काय करतो म्हणावं?" मी त्याच म्हशीला विचारायची.

"वासिंदला कंपनीत हाय. पास काढून जातो-येतो. पीत नाय. आई जराशी तोंडाळ हाय म्हंतात."

"तोंडाळ बरी. न बोलणारी सासू वाईट, सांगून ठेव."

म्हैस एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची आणि रवंथ करायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण आमच्याकडे लेकही नव्हती आणि सूनही. पाच-सहा वर्षांत त्या जनावराने आमच्या दोन घरांचं इतकं ऐकलं की तिला वाचा फुटली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दोघा भावांना हे कळलं नव्हतं, असं आम्हाला वाटायचं. कळलं असतं तरी त्यांना हरकत घेता आली नसती, कारण नियमात कुठे चूक नव्हती. एकच गोष्ट म्हशीकरवी देता येत नव्हती, ती म्हणजे आवतण.

अडचण एवढीच की रोज रोज बांधाशी जाऊन उभं राहायला काहीतरी कारण हवं. "तिकडे काय काम असतं तुझं?" असं ह्यांनी एकदा विचारलं, आणि मी पटकन म्हटलं, मला पण खेळायला शिकवा.

ह्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाईट वाटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोने स्वतःहून काही शिकायला मागितलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू झाली. चेंडू जिथे जाऊन बसतो त्या जागेला लाय म्हणायचं. लाय चांगली असते किंवा वाईट असते, पण ती आपली असते. चेंडू हाताने हलवायचा नाही, जिथे पडला तिथून मारायचा. हा नियम सांगताना ह्यांचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर गुडघ्यांत वाक आणि वजन टाचांवर ठेव. पायांपेक्षा वर असेल तर काठी आखूड धर. उतारावर असशील तर खांदे उताराच्या अंगाने झुकव. मी म्हटलं, माहेरी असल्यापासून चिखलात वाकून आवणी केली, मला वाकायला शिकवता का? पण तो फुकटचा तोरा होता. आवणी करताना वाकायचं आणि रोप खोचायचं एवढंच असतं. इथे वाकायचं, काठी मागे न्यायची, डोकं हलवायचं नाही, आणि नवऱ्याचं ऐकून घ्यायचं. मला चार गोष्टी एकदम जमत नव्हत्या, त्यातली शेवटची तर अजूनही जमत नाही.

आमच्या साडेतीन होलांत वाईट लाय शोधायला लागत नाही. कापणीनंतर उरलेल्या धसकटांत चेंडू अडकतो तो ब्रशात अडकल्यासारखा, आणि काठी मारली की चेंडू जागेवर राहतो नि धसकट उडतं. पावसाळ्यात गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे उन्हाने कडक झालेले, त्यात चेंडू अंड्यासारखा बसतो. फाल्गुनात राब भाजले, म्हणजे रोपांसाठीच्या जागेवर पालापाचोळा, गोवऱ्या रचून जाळल्या, की काळ्या राखेचे चौकोन तयार होतात. त्यात चेंडू गेला की दिसतच नाही. मारणारा मात्र पुढचे दोन दिवस दिसतो, तोंडावरून. ह्यांनी राखेतून मारायची एक खास पद्धत शोधली. तिच्याने चेंडू बाहेर येत नाही, पण राख वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाते, असा त्यांचा दावा आहे. मी धुणं धुते, मला तसं आढळलेलं नाही.

आणि मी? मी सगळे चेंडू बांधाकडे मारायची. निशाण उजवीकडे असलं तरी माझा चेंडू डावीकडे, मोहाच्या दिशेने. ह्यांना वाटलं, मला उतारावरच्या लायचा अभ्यास करायचा आहे. "बघा," ते वाटेवरच्या माणसांना थांबवून सांगायचे, "नवीन माणूस सोप्या जागेवर सराव करतो. आमच्या हिने पहिल्या दिवसापासून सगळ्यात अवघड जागा धरली." मी बांधाच्या उतारावर एक पाय वर, एक पाय खाली असा ठेवून चेंडू हुकवायची, आणि पलीकडे जाऊ म्हशीच्या मानेखाली खाजवत हळू आवाजात विचारायची, "काय गो बाय, ही काठीनं जमीन का खणते?"

"सांग तिला, व्यायाम आहे," मी म्हणायची.

"व्यायामाला कमी हाय काय घरात? सांग, माझ्याकडं ये, भात कांडायचा हाय."

त्या दिवसांत मला त्या खेळाचा थोडा लळाही लागला, हे कबूल करायला हवं. आवडलं म्हणजे चेंडू मारायला नव्हे. रागाने मारायला आवडलं. दिवसभराचा सगळा राग काठीत उतरवायचा आणि दणका द्यायचा, आणि एवढं करून कुणी म्हणायचं नाही की ही बाई भांडखोर आहे.

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात ह्यांनी स्पर्धा ठरवली. पिशवी देणारे ते मोठे साहेब, आता तेही निवृत्त, मुरबाडकडे धसईजवळ त्यांनी बंगला बांधला होता. ते आणि त्यांच्या बाई येणार, शिवाय त्यांच्या शेजारच्या बंगल्यातले एक डॉक्टर आणि त्यांच्या बाई. नवरा-बायकोची जोडी, पाळीपाळीने एकेक टोला. ह्यांनी आठ दिवस झोप सोडली. माझ्याकडून सगळी साडेतीन वर्तुळं पुन्हा सारवून घेतली. बांधाच्या कडेने पांढऱ्या रंगाच्या खुंट्या ठोकल्या, म्हणजे खुंट्यांपलीकडे गेलेला चेंडू बाद. दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या उपटून आमच्या दारात टाकलेल्या. दिरांना वाटलं, तिसरी मोजणी आली.

स्पर्धेच्या सकाळी मी बांधाशी गेले तेव्हा जावेचे डोळे सुजलेले दिसले.

"बाय गो," ती म्हशीला म्हणाली, "पत्रिका आल्या. उद्या मालक आवतणाला निघनार. वरच्या आळीपासून सुरवात करनार. मी विचारलं, शेजारच्या घराचं काय? तं ताटावरून उठले."

मी बांधावरचं मूठभर गवत उपटून म्हशीपुढे टाकलं आणि घरी आले.

दहाच्या सुमाराला गाड्या आल्या. साहेब डोक्यावर पांढरी टोपी, पायांत खिळ्यांचे बूट असे उतरले आणि त्यांनी बुटाच्या टोकाने टोकरत आमच्या ग्रीनभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "ऑरगॅनिक आहे." सगळं गाव मोहाच्या सावलीत आणि बांधाच्या आसपास बसायला आलेलं. किन्हवलीच्या बाजाराला निघालेल्या बायकाही पाट्या खाली ठेवून टेकल्या. दीरही आले होते. त्यांना खेळाशी कर्तव्य नव्हतं. लोखंडी काठ्या घेऊन इतकी माणसं बांधाकडे येणार म्हटल्यावर ते स्वतः बांधाच्या राखणीला उकिडवे बसले होते. म्हैसही होतीच, आणि तिचं दावं धरून जाऊ.

खेळाचं सविस्तर सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टर पहिल्याच होलात धसकटात गेले आणि तिथेच राहिले. साहेबांच्या बाईंनी राखेत एकदा पाय घातला आणि मग नुसतं टाळ्या वाजवायचं काम केलं. साहेब खुराच्या खळग्यातून चेंडू काढताना स्वतःशी जे बोलले ते इंग्रजीत होतं म्हणून बरं. आमच्या ह्यांनी मात्र कमाल केली. कुठल्याही वाकड्या जागेवर जाऊन उभे राहिले की ह्यांचं शरीर आपोआप त्या जागेसारखं वाकडं व्हायचं आणि चेंडू सरळ जायचा. मी बघत राहिले. इतकी वर्षं माझ्या चहाबरोबर ऐकलेलं सगळं खरं होतं म्हणायचं. शेवटच्या अर्ध्या होलाला आलो तेव्हा साहेबांची आणि आमची बरोबरी होती, आणि ह्यांच्या कपाळावर घामाबरोबर काहीतरी चमकत होतं. टोला माझा होता.

मी मारला. सवयीने चेंडू डावीकडे गेला, बांधाच्या अंगावर आपटला आणि खेकड्याच्या बिळात जाऊन बसला, निम्मा आत, निम्मा बाहेर.

नियमाने आता ह्यांची पाळी. हे बांधाजवळ गेले, वाकून बघितलं, आणि थांबले. चेंडू मारायचा तर काठी बांधाला लागणार. बांधाला हात लावायचा तर पलीकडे भाऊ बसलेला, तीन हातांवर, नजर रोखून. हे मागे आले आणि माझ्या कानात म्हणाले, "तू मार. बाईमाणसाला कुणी काही म्हणणार नाही."

"पाळी तुमची आहे," मी म्हटलं.

"वहिनींना मारू द्या, आमची हरकत नाही," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "नाहीतर चेंडू उचला. एक टोला दंड, एवढंच."

एक टोला दंड म्हणजे हरणं. पण खरं सांगते, मला त्या हरण्याजिंकण्याचं काही नव्हतं. मी त्या बांधाकडे बघत होते. वीतभर रुंद मातीचा ढीग, वर वाळकं गवत, अंगाला खेकड्याची बिळं. ह्याच्यासाठी माझी जाऊ म्हशीशी बोलत होती. ह्याच्यासाठी उद्या सगळ्या गावाला अक्षत मिळणार होती आणि मला नाही. मी एक पाय वर ठेवला, एक पाय खाली ठेवला, गुडघ्यांत वाकले, खांदे झुकवले, शिकवलेलं सगळं केलं आणि चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. बांधालाच हाणलं.

बांधाचा परातीएवढा तुकडा निघाला आणि उडून आमच्या खाचरात पडला. चेंडू घरंगळून दिरांच्या बाजूला गेला. खेकडा बाहेर आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पळाला.

"दादा!" दीर ओरडत उठले. "बांध कोरलास! दिवसाढवळ्या कोरलास! बायकोला पुढं करून कोरलास!"

"मी कोरला?" हेही ओरडले. "हातभर माझ्यात घुसवलास तेव्हा कुठे होता तुझा दिवस?"

आणि मग धरण फुटलं. लहानपणी कौल कुणी फोडलं आणि मार कुणी खाल्ला, आईने खाऊ कुणाला जास्त दिला, सायकल कुणाच्या हाताने विहिरीत गेली, सगळं बाहेर आलं. साहेब घाबरून मोबाइलमध्ये नियम शोधायला लागले. शोधून ते पुढे आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "शांत व्हा. कायदा अगदी स्पष्ट आहे. उडालेला मातीचा तुकडा परत त्याच्या मूळ जागेवर बसवायचा."

"मूळ जागा कंची?" पाट्या घेऊन बसलेल्या बायकांतली एक म्हणाली. "तोच तं वाद हाय."

सगळं गाव हसलं. तेवढ्यात आमच्या गावकीतले सगळ्यात म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. त्यांना ऐकायला कमी येतं, पण हवं ते येतं. ते म्हणाले, "गप रावा. ह्ये दोघं बोलले."

त्यांनी काठी आधी ह्यांच्याकडे, मग दिरांकडे रोखली.

"सगल्या गावासमोर बोलले. शिवी दिली म्हंजे बोलनं झालं. अबोला मोडला. उद्या आवतणाला निघशील तं पयली अक्षत भावाच्या दारात. नाय तं गावाचा अपमान."

दिरांचा चेहरा पडला. मग त्यांना वाट सापडली. ते म्हणाले, "मी दादाशी नाय बोललो. मी म्हशीला बोललो."

म्हणजे माहीत होतं तर दिरांना! इतकी वर्षं माहीत होतं!

"म्हशीला दादा बोललास?" आजोबांनी विचारलं.

गाव पुन्हा हसलं, आधीपेक्षा मोठ्याने. दिरांचे कान लाल झाले. पण आमचे हे काय कमी आहेत? हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मीही ह्याच्याशी बोललो नाही. मी साहेबांशी बोलत होतो." साहेब मान डोलवायची की नाही ते न कळून माझ्याकडे बघायला लागले. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले, अगदी एकसारखे, हात मागे बांधून, सासरे उभे राहायचे तसे. लोक हसत हसत पाट्या उचलायला लागले. माझ्या लक्षात आलं की हे सगळं आता हसण्यावारी जाणार, संध्याकाळपर्यंत गावभर गोष्ट होणार, आणि उद्या अक्षत वरच्या आळीपासूनच निघणार. काठी हातात होती म्हणून तिच्यावर टेकले, नाहीतर त्या फुटक्या बांधावरच बसले असते.

जावेने दावं सोडलं. ती बांधाशी आली, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि मी बांधातून काढलेल्या त्या खिंडीत उभी राहिली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही दोघींनी म्हशीकडे बघून बोलायची सवय लावून घेतली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं मला तेव्हा पहिल्यांदा जवळून दिसलं.

"बाय," ती मला म्हणाली. "सोमवारी हलद हाय. तुला चूलबंद आवतण. जात्यावर पयली मूठ तू टाकायचीस. तू नाय आलीस तं मी पोरीला कुनालाच हलद लावू देनार नाय."

"अगो!" दीर वळून म्हणाले. "कुनाला इचारून आवतण देतेस?"

"तुमी म्हशीशी बोला," ती मागे न बघता म्हणाली.

कुणीही हसलं नाही. ती तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत. माझं तोंड म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक, ह्यांना तर फारच ठाऊक. पण मला शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही सुचेना. कसंबसं तोंड उघडलं, आणि सवय मोठी वाईट असते, माझी मान आपोआप वळली ती मोहाखाली उभ्या असलेल्या म्हशीकडे.

"सांग गो तिला," मी म्हशीला म्हटलं, "येते म्हणावं."

जाऊ रडायला लागली. रडता रडताच तिने माझा दंड धरला आणि मला आपल्याकडे फिरवलं.

"तिला नको सांगू बाय," ती म्हणाली. "मला सांग."